शंका घ्या, अटकळही बांधा

भिलाई इथे तरुण पदवीधरांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर



तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं शिक्षण हिंदीत झालं आणि मराठी घरात राहिली. आजोबा किंवा वडील नागपूर, भंडारा, गोंदियाकडून प्लांटच्या कामासाठी इकडे आले, आणि घरातले पहिले पदवीधर तुम्ही. म्हणून साध्या मराठीत बोलतो. विषय विज्ञानाचा आहे, पण मला बोलायचं आहे ते एका हक्काबद्दल.

विज्ञान दोन सवयींवर चालतं. पहिली शंका: कोणी काही सांगितलं तर विचारायचं, कशावरून? दुसरी अटकळ: जे अजून कोणाला ठाऊक नाही, त्याबद्दल आपण होऊन म्हणायचं, मला वाटतं ते असं असावं. पुस्तकात या दुसऱ्या सवयीला गृहीतक म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मुळात ती अटकळच. नुसती शंका असेल तर माणूस सगळं नाकारत बसतो. नुसती अटकळ असेल तर पुष्पक विमानं उडायला लागतात. दोन्ही एकत्र आल्या की काम होतं.

आपल्या चळवळीनं आपल्याला पहिली सवय चांगली लावली. पोथीत लिहिलंय म्हणून मानू नका, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आणि ही शंका फुकटची नाही. या राज्यात बाईला टोनही ठरवून छळतात. त्यासाठी २००५ साली कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. शंका घेणाऱ्यांनी किंमत मोजली आहे.

दुसरी सवय मात्र मागे राहिली. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवतो आहे. आपल्या घरांतून आलेली मुलं प्रश्न विचारतात, चांगले विचारतात. पण ‘मला वाटतं, हे असं होत असेल’ या शब्दांनी त्यांचं वाक्य सुरू होत नाही. ते वाक्य दुसऱ्या बाकांवरून येतं. असं का होतं, याकडे मी शेवटी येणार आहे. आधी अटकळ काय काम करते ते पाहू, आणि त्यासाठी तुमच्या ओळखीची वस्तू घेऊ. रेल्वेचा रूळ.

२५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर इथे एक प्रवासी गाडी रुळावरून घसरली. रूळ तुटला होता. जेम्स हॉवर्ड नावाच्या तज्ज्ञानं तुकडे तपासले. रुळाच्या डोक्यात, आतल्या आत, आडवी भेग वाढत गेली होती. वरून रूळ धडधाकट, आतून पोखरलेला. मग वाद पेटला. पोलाद कारखाने म्हणाले, तुमच्या गाड्यांची चाकं जड झाली, रूळ थकले. रेल्वे कंपन्या म्हणाल्या, तुमचं पोलादच खोटं. दोन्ही बाजू एकमेकांवर शंका घेत होत्या. शंकेला तोटा नव्हता, पण वर्षांमागून वर्षं गेली आणि रूळ तुटत राहिले.

वाट सापडली ती एका अटकळीनं. काही जणांना वाटलं, पोलादात काहीतरी दडलेलं असावं जे डोळ्याला दिसत नाही आणि रूळ थंड होताना भेगा पाडतं. तो हायड्रोजन वायू असावा. कच्च्या मालातल्या ओलाव्यातून तो वितळलेल्या पोलादात शिरतो. पोलाद तापलेलं असताना त्यात मावतो, थंड होताना मावत नाही. निसटायला वेळ मिळाला नाही, तर आत बारीक जागी साचून केसासारख्या भेगा पाडतो. पुढे चाकांच्या भारानं त्याच भेगा वाढतात.

या अटकळीचा मोठा गुण असा की ती तपासता येत होती. ती खरी असेल तर रूळ सावकाश थंड केल्यावर भेगा कमी व्हायला हव्यात. मुद्दाम हायड्रोजन घातला तर त्या वाढायला हव्यात. दोन्ही करून पाहिलं गेलं, दोन्ही तसंच झालं. १९३० च्या दशकात गरम रूळ बंद पेट्यांत ठेवून कित्येक तास हळूहळू थंड करण्याची पद्धत रुळली आणि त्या जातीच्या भेगांचा उपद्रव ओसरला. चाकांचा भार म्हणणारेही पूर्ण चुकले नव्हते. भेग वाढवायचं काम भारच करत होता. ती सुरू कुठून होते, एवढं त्यांना दिसलं नव्हतं.

ही गोष्ट तुमच्या दाराशी येऊन पोचते. देशातल्या रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईत तयार झालेले आहेत. आज रेल्वेची अट अशी आहे की वितळलेल्या पोलादात हायड्रोजन दहा लाख भागांत १.६ भागांहून जास्त नको. म्हणजे एक टन पोलादात १.६ ग्रॅम, चिमूटभर मिठाइतका. त्यासाठी वितळलेलं पोलाद निर्वात भांड्यात खेचून त्यातला वायू काढतात आणि तयार रुळाची आतून तपासणी ध्वनिलहरींनी करतात. तुमच्यापैकी कोणाचे वडील रेल मिलमध्ये असतील, तर त्यांना हे माझ्याहून चांगलं माहीत आहे. एक न दिसणारी गोष्ट कोणीतरी आधी मनात पाहिली, मग तपासली, आणि त्यातून आजचा नियम झाला.

आता विचारू या, अटकळ कोणाच्या नावावर जमा होते?

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज येतं दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून. या भागातल्या लोखंडाबद्दल भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयात भूस्तराचा नकाशा पाहिला, आणि त्यावरून ते आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड या डोंगरापर्यंत पोचले. खनिज उत्तम होतं, पण पोलादाला लागणारा दगडी कोळसा जवळ नव्हता. टाटांचा कारखाना दुसरीकडे गेला. पुढे १९५५ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि भिलाई उभी राहिली. पहिली धमनभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली.

ही गोष्ट खरी आहे, पण ती मधूनच सुरू होते. बोस यांनी १८८७ साली जे लिहिलं, त्याचा विषय इथे चालू असलेला लोखंड गाळण्याचा धंदा हा होता. साहेब येण्याच्या कितीतरी आधी मध्य भारतात अगरिया आणि त्यांच्यासारखे लोक मातीच्या छोट्या भट्टीत, लाकडी कोळशावर, पायानं भाता चालवून लोखंड काढत होते. कोणत्या दगडात लोखंड आहे, कोळसा किती घालायचा, भट्टी केव्हा फोडायची, हे त्यांना कोणी पुस्तकात लिहून दिलं नव्हतं. पिढ्यानपिढ्या कोणीतरी अटकळ बांधली, करून पाहिली, फसलं ते टाकलं, जमलं ते ठेवलं. त्याला आपण कसब म्हणतो. हेच नकाशावर चढलं की त्याला शोध म्हणतात. जातिव्यवस्थेनं केलेली ही वाटणी आहे. हात एकाचे, सिद्धांत दुसऱ्याचा. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये सांगितलं की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्याला जोडून मी म्हणतो, विचार करण्याच्या कामाचीही तिनं तशीच विभागणी केली.

आणि म्हणूनच आपल्या थोरांकडे आपण दुसऱ्या बाजूनंही पाहायला हवं. आपण त्यांना शंका घेणारे म्हणून ओळखतो. ते अटकळ बांधणारेही होते, आणि तिथे त्यांचं धाडस जास्त दिसतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुराणातल्या अवतारांच्या गोष्टी दैवी आहेत यावर त्यांनी शंका घेतली. पण ते तिथे थांबले नाहीत. या गोष्टींच्या मागे कुठल्यातरी जुन्या लढायांची आठवण असावी, बाहेरून आलेल्या आर्यांनी इथल्या बळीराजाच्या प्रजेला जिंकलं असावं, असा त्यांनी कयास बांधला. आर्य बाहेरून आले ही कल्पना त्या काळच्या युरोपीय विद्वानांची होती. जोतीरावांनी तीच उचलली आणि उलटी फिरवली. तोवर जी कल्पना उच्चवर्णीयांना गोऱ्या साहेबाचे भाऊबंद ठरवत होती, तीच आता त्यांना आक्रमक ठरवू लागली.

पुढे काय झालं? १९४६ साली बाबासाहेबांचं ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हे पुस्तक आलं. ते अर्पण केलं आहे महात्मा फुल्यांना. आणि त्याच पुस्तकात बाबासाहेबांनी आर्यवंशाचा सिद्धांत तपासून नाकारला. वेदांत आर्य हा शब्द वंशाच्या अर्थानं येत नाही, बाहेरून येऊन जिंकल्याचा पुरावा वेदांत नाही, असं त्यांनी मांडलं. ज्या गुरूला पुस्तक वाहिलं, त्या गुरूची अटकळ ज्या पायावर उभी होती, तो पाया त्याच पुस्तकात काढून घेतला. अर्पणपत्रिका आणि खंडन, दोन्ही एकाच बांधणीत. आदर कसा करायचा याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

जोतीरावांची अटकळ वाया गेली का? मुळीच नाही. शूद्र शूद्र कसे झाले, हा प्रश्न त्यांनी इतिहासाचा केला. तोपर्यंत तो ब्रह्मदेवाच्या पायांचा होता. प्रश्न इतिहासात आला म्हणून बाबासाहेबांना त्याचं वेगळं उत्तर शोधता आलं. चांगली अटकळ चुकली तरी पुढच्या माणसाला उभं राहायला जागा देते. आणि हा वाद अजून मिटलेला नाही. स्थलांतराबद्दल आज जनुकशास्त्र आणखी काही सांगतं आहे, आणि ते ऐकून बाबासाहेबांचं म्हणणंही आपण पुन्हा तपासलं पाहिजे. त्यात त्यांचा अपमान नाही.

उलट बाजूही पाहू. अटकळ सत्तेच्या हातात असली आणि शंका कोणी घेतली नाही, तर काय होतं? १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी माणसांची नाकं मोजली. नाकाच्या रुंदीला लांबीनं भागून शंभरानं गुणायचं. त्यांचा दावा असा की जात जितकी वरची तितकं नाक चिंचोळं. म्हणजे जात ही रक्तातली, वंशातली गोष्ट. आकडे होते, तक्ते होते, म्हणून ते विज्ञान वाटलं.

या आकड्यांची उलटतपासणी झाली. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली दाखवलं की उत्तरेचा एक पट्टा सोडला तर हा नियम इतर प्रांतांत टिकत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या पुस्तकात घुर्यांनी मांडलेले आकडे घेतले आणि प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणांचे आणि अस्पृश्यांचे आकडे शेजारी ठेवले. त्यांचा निष्कर्ष सरळ होता. हे मोजमाप खरं मानायचं असेल, तर दोघे एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. पाहा, त्यांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. ‘हे इंग्रजांचं शास्त्र, आम्हाला नको’ असं म्हटलं नाही. तीच मोजपट्टी हातात घेतली आणि दावा करणाऱ्यालाच लावली.

मग त्यांनी स्वतःची अटकळ मांडली. लढायांत टोळ्या फुटल्या, फुटलेली माणसं गावाच्या कडेला वस्ती करून राहिली. ती बौद्ध होती, गोमांस खात राहिली, म्हणून पुढे अस्पृश्य ठरली. मधले दुवे सापडत नाहीत हे त्यांनी प्रस्तावनेत लपवलं नाही. जिथे पुरावा तुटतो तिथे कल्पनेनं पूल बांधावा लागतो, असं बजावून सांगितलं, आणि हा शेवटचा शब्द आहे असा दावा केला नाही. वाचकानं ती तपासावी अशीच त्यांची अपेक्षा होती. म्हणून मी तुम्हाला कळकळीनं सांगतो, तिची पोथी करू नका. इतिहासकार तिच्यावर वाद घालतात. तुम्हीही पुरावा घेऊन त्या वादात उतरा. नुसती पूजा केली, तर त्यांनी सोपवलेलं काम तसंच पडून राहील.

त्यांची आणखी एक अटकळ सांगतो. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा चर्चावर्ग. पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी जातीच्या उगमावर निबंध वाचतो. जात कोणी मनूनं हुकूम काढून केली हे त्याला पटत नाही. वंशभेदातून झाली हेही पटत नाही. तो म्हणतो, जातीचं मर्म एकच, जातीबाहेर लग्न न करणं. एका वर्गानं स्वतःचं दार लावून घेतलं, इतरांनी नक्कल केली, काहींच्या तोंडावर ते लावलं गेलं. आणि दार बंद ठेवायचं तर बाईवर पहारा ठेवावा लागतो: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. निबंधाच्या शेवटी तो सांगतो, माझं म्हणणं टिकत नाही असं दाखवलंत तर सोडून द्यायला मी तयार आहे.

जवळपास शंभर वर्षांनी जनुकशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेनं या दारापाशी आले. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले आणि अमेरिकेतले संशोधक यांनी २०१३ साली मांडलं की भारतातल्या बहुतेक सगळ्या समूहांत जुन्या लोकसमूहांचं मिश्रण आहे, कमी-जास्त प्रमाणात, आणि ते मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालं. नंतर दारं लागत गेली. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत हे मिसळणं सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी थांबलं. हे अभ्यास बाबासाहेबांना बरोबर ठरवायला केलेले नव्हते, आणि दार कोणी लावलं, का लावलं, हे जनुकं सांगत नाहीत. पण आधी मिसळणं आणि मग लग्नाची कुंपणं, हा क्रम त्या निबंधाशी जुळतो. १९१६ साली पंचवीस वर्षांच्या त्या मुलानं ‘अजून पुरावा नाही’ म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं तर?

आता मघाच्या प्रश्नाकडे येतो. आपली मुलं अटकळ का बांधत नाहीत? हुशारी कमी असते म्हणून नाही. चुकण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते म्हणून. प्राध्यापकाच्या मुलाची अटकळ चुकली तर म्हणतात, पोरात धाडस आहे. आपल्या मुलीची चुकली तर मागच्या बाकावरून आवाज येतो, कोट्यातली आहे. त्याची चूक त्याच्या एकट्याची राहते. तिची चूक सगळ्या जातीच्या खात्यावर मांडली जाते. मग ती शहाणपणानं गप्प बसते. पाठ केलेलं अचूक लिहिते, पहिल्या वर्गात पास होते आणि संशोधनाच्या दारातून परत येते, कारण तिथे पाठ केलेलं चालत नाही. हा तिचा दोष नाही, पण नुकसान तिचं आहे, आणि विज्ञानाचंही.

म्हणून दोन-तीन कामं सांगतो.

एक वही करा. पानावर तीन ओळी लिहा. मला काय वाटतं. काय दिसलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. ते मी कसं पाहणार. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर ती अटकळ नाही, नुसतं मत आहे. फोनवर आलेल्या संदेशांनाही हीच ओळ लावा, आणि आपल्या बाजूनं आलेल्यांना आधी लावा.

विषय इथेच आहेत. कायम कामगाराची मुलं आणि ठेका कामगाराची मुलं एकाच शहरात वाढतात. दहावीनंतर त्यांच्या वाटा कुठे वेगळ्या होतात? फीपाशी, इंग्रजीपाशी, की अर्ज कुठे करायचा हे सांगायला घरात कोणी नाही तिथे? तीन वेगळ्या अटकळी झाल्या. तिघींतली कोणती टिकते हे पन्नास घरांत जाऊन विचारलं तर कळायला लागतं. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आणि कोणी ‘मेरिट जन्मजात असतं’ म्हणालं, तर चिडू नका. तो रिस्लीचा नातू आहे. त्याला विचारा, काय दिसलं तर तुम्ही हे म्हणणं सोडाल?

आणि शेवटचं. चार-पाच जणांनी मिळून आठवड्याला एकदा बसा. तिथे एकच नियम ठेवा: चुकलेल्या अटकळीवर कोणी हसायचं नाही, आणि कोणाची अटकळ न तपासता मान्यही करायची नाही, मग ती सर्वात मोठ्या भाऊची का असेना. वर्गात जी सोय आपल्याला कोणी दिली नाही, ती आपण एकमेकांना देऊ. पहिली बैठक याच रविवारी घ्या.

जय भीम.